वाढदिवस १४ सप्टेंबर आणि टेक्सासचा शून्य टॅक्स

पत्र:

"नमस्कार ताई. आम्ही वाकडला राहतो. नवऱ्याची कंपनी त्याला एल-१बी व्हिसावर अमेरिकेला पाठवते आहे. दोन ऑफिसांपैकी एक निवडायचंय. टेक्सासमध्ये प्लेनोला वर्षाला १,०८,००० डॉलर, नाहीतर न्यू जर्सीत जर्सी सिटीला १,१८,००० डॉलर. निघायचं मार्चमध्ये किंवा ऑगस्टमध्ये. नवऱ्याचा मित्र म्हणतो, टेक्सासला टॅक्सच नाही, डोळे मिटून तिकडे जा आणि वर्षभरात घर घे. मी एचआरमध्ये आहे, पगार वर्षाला १४ लाख, म्हणजे नोकरी सोडावी लागणार. फ्लॅटचा हप्ता ५४ हजार आहे. तो जाऊन आज आमचे दोघांचे मिळून महिन्याला साधारण १ लाख १५ हजार मागे पडतात. मुलगी १४ सप्टेंबरला पाच वर्षांची होईल. सासूबाईंनी १,०८,००० ला ९० ने गुणलं आणि '९७ लाखांचं पॅकेज' असं सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलंय. त्या एसटी महामंडळात हिशेब खात्यात होत्या, त्यामुळे त्यांचा गुणाकार चुकत नाही. पण माझ्या पोटात गोळा आलाय. नक्की उरणार किती? कुठे जावं? आणि सासूबाईंना काय सांगू?"

वाकडच्या ताई,

सासूबाईंचा गुणाकार बरोबरच आहे. पण गुणाकारानंतर वजाबाकी येते, आणि ती अजून कोणी केलेली दिसत नाही. मी टेक्सासमध्ये सतरा वर्षं आहे, लोकांचे टॅक्स भरून देते, आणि हे राज्य मला मनापासून आवडतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते टेक्सासच्या बाजूचं नाही.

आधी प्लेनोचा पगार हातात किती पडतो ते पाहू. १,०८,००० म्हणजे महिन्याला ९,०००. त्यातून कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा तुमच्या वाट्याचा हप्ता जातो. तो कंपनीगणिक फार बदलतो, मी ६५० धरते. मग सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के, म्हणजे ६४०. याबाबत भारत आणि अमेरिकेत करार नाही, त्यामुळे एल-१ वाल्यालाही हे पैसे भरावेच लागतात. म्हातारपणी त्यातून काही मिळायला साधारण दहा वर्षांची कमाई नोंदलेली लागते, आणि एल-१बी चालतो जास्तीत जास्त पाच वर्षं. पुढे ग्रीन कार्डाच्या रांगेत टिकलात तर ठीक, नाहीतर हे पैसे अंकल सॅमला आहेर समजा. त्यानंतर ४०१(के) मध्ये, म्हणजे इथल्या निवृत्तीच्या बचत खात्यात, चार टक्के, म्हणजे ३६०. कंपनी तेवढेच घालत असेल तर हे सोडू नका. उरला केंद्राचा आयकर. २०२५ च्या कोष्टकाने नवरा-बायकोला मिळून ३१,५०० डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन मिळते. राहिलेल्या रकमेवर पहिल्या २३,८५० ला दहा टक्के आणि त्यापुढे बारा. मुलीचे वजा होतात फक्त ५००. दर मुलामागे २,२०० वजा होतात असं ऐकू येतं, पण ते सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या मुलांसाठी आहे, आणि एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या बायकामुलांच्या व्हिसावर, आलेल्या मुलाला तो नंबर मिळत नाही. सगळं धरून आयकर महिन्याला ५६० च्या आसपास येतो.

हातात पडले ६,७९०.

आता मित्राच्या 'टॅक्सच नाही' कडे वळू. टेक्सास राज्य पगारावर आयकर घेत नाही हे खरंच आहे. २०१९ मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून व्यक्तीवरच्या आयकराला राज्यघटनेतच बंदी घातली, त्यामुळे उद्या एखाद्या सरकारच्या मनात आलं म्हणून तो लागेल असंही नाही. पण हा फायदा तुमच्यासाठी किती डॉलरचा, हे मित्राने मोजलंय का? लोकांना वाटतं, न्यू जर्सी म्हणजे दहा टक्के गेले. तिथला वरचा दर १०.७५ आहे, पण तो दहा लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांसाठी. खाली तो १.४ टक्क्यांपासून सुरू होतो आणि जोडप्याला ८०,००० पर्यंत ३.५ च्या पुढे जातच नाही. भाडेकरूला भाड्याच्या १८ टक्के रक्कम घरपट्टी समजून वजा करता येते, हे तिथे राहणाऱ्या कित्येकांनाही ठाऊक नसतं. मी तुमच्या १,१८,००० वर मांडून पाहिलं. राज्याचा आयकर वर्षाला साधारण ३,००० डॉलर. त्यात अपंगत्व विमा, कौटुंबिक रजा वगैरेंच्या कापण्या मिळवल्या तरी सगळं चार हजारांच्या आत.

म्हणजे ज्या शून्यासाठी लोक दीड हजार मैल लांब राज्य निवडतात, त्याची तुमच्यासाठी किंमत महिन्याला तीन-सव्वातीनशे डॉलर. आणि न्यू जर्सीचा पगार दहा हजारांनी जास्त आहे. सगळं कापून तिथे हातात पडतात ७,११०, प्लेनोपेक्षा ३२० जास्त. टॅक्स लावणाऱ्या राज्यात जास्त.

मग टेक्सास स्वस्त म्हणतात ते उगाच? उगाच नाही, पण स्वस्ताई आहे भाड्यात. प्लेनोला बरी दोन बेडरूमची जागा १,८५० च्या आसपास मिळते, न्यू जर्सीत जर्सी सिटीला ट्रेनने जाता येईल अशा एडिसन गावात तशीच जागा २,५०० ला. हे ६५० डॉलर टॅक्सपेक्षा दुपटीने मोठे आहेत. पण गाडी आली की तेही वितळतात. एडिसनला राहिलात तर नवरा मेट्रोपार्क स्टेशनवरून गाडी पकडेल, नेवार्कला पाथ ट्रेन बदलेल आणि जर्सी सिटीला उतरेल. डोंबिवलीकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पासाला तीनेकशे डॉलर. घरातली एकुलती एक गाडी दिवसभर तुमच्या हातात. प्लेनोला मात्र नवरा गाडी घेऊन ऑफिसला गेला की तुम्ही अपार्टमेंटमध्ये अडकलात. दुकान नकाशावर सव्वा मैल दिसतं, पण मध्ये सहा लेनचा रस्ता, कुठे फूटपाथ आहे तर कुठे नाही, आणि जुलैमध्ये ४० अंश. पहिल्या वर्षी मी एकदा लेकाला बाबागाडीत घालून दूध आणायला चालत निघाले. वाटेत दोन गाड्या थांबल्या. माझी गाडी बंद पडलीय आणि मला मदत हवीय असं त्यांना वाटलं. इथे चालणाऱ्या माणसाचा एवढाच अर्थ होतो.

तेव्हा दुसरी गाडी येणार, आज नाहीतर सहा महिन्यांनी. नव्याने आलेल्याला इथल्या कर्जाचा इतिहास नसतो, म्हणून व्याज चढं लागतं, आणि इथला गाडी चालवण्याचा अनुभव नसतो, म्हणून विमाही महाग पडतो. जुनी गाडी घेतलीत तरी हप्ता, विमा, पेट्रोल, टोल धरून महिन्याला ७६० च्या खाली येत नाही. टोलचं लक्षात ठेवा. प्लेनोच्या आजूबाजूचे बहुतेक वेगवान रस्ते टोलचे आहेत, आणि टोलटॅग नसेल तर बिल घरी पोस्टाने येतं, तेही बऱ्याच चढ्या दराने.

गोळाबेरीज करा. हातातला पगार न्यू जर्सीत ३२० जास्त. भाडं आणि पास मिळून तिथे ९५० जास्त. इथे दुसऱ्या गाडीचे ७६०. राहिला १३० डॉलरचा फरक. तोही न्यू जर्सीच्या बाजूने. हा फरक मी शून्यच धरते, कारण एखादा भाडेकरार थोडा इकडेतिकडे झाला तरी तो उलटेल.

म्हणून तराजूच्या पारड्यात पडेल अशी दुसरी काही गोष्ट आहे का, ते तुमच्या पत्रात शोधत होते. ती सापडली शेवटाकडे. मुलीचा वाढदिवस, १४ सप्टेंबर.

टेक्सासमध्ये सरकारी शाळेच्या किंडरगार्टनला १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. १४ ला होणारी मुलगी तेरा दिवसांनी हुकते आणि थेट पुढच्या ऑगस्टला शाळेत जाते. त्याआधीचं सरकारी प्री-के ठरावीक कुटुंबांनाच फुकट असतं. उत्पन्न कमी असेल, मूल इंग्रजी बोलत नसेल, अशा अटी आहेत. वाकडच्या इंग्रजी माध्यमातली तुमची लेक बहुधा त्यात बसणार नाही. न्यू जर्सीत ही तारीख ज्या त्या गावचं शाळा मंडळ ठरवतं आणि अनेक ठिकाणी ती १ ऑक्टोबर आहे. तशा गावात तुमची मुलगी याच सप्टेंबरला फुकट शाळेत बसेल. प्लेनोत तिला पूर्ण वेळ डेकेअरला घालायचं तर महिन्याला साधारण १,३००. एका शैक्षणिक वर्षाचे तेरा हजार डॉलर. न्यू जर्सीचा राज्य आयकर चार वर्षं भरलात तरी एवढा होत नाही.

अर्थात भाडेकरार करण्याआधी त्या गावच्या शाळा मंडळाला विचारा. तारीख कोणती, आणि किंडरगार्टन पूर्ण दिवसाचं आहे की अर्ध्या दिवसाचं. तिथे शेजारच्या दोन गावांतही वेगळं उत्तर मिळू शकतं. मावसभावाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. फोन करा.

आता तुमच्या नोकरीचं. एल-२ वर आलेल्या जोडीदाराला काम करायला वेगळी परवानगी काढावी लागत नाही. विमानतळावरून आल्यावर आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची सरकारी नोंद, ऑनलाइन उघडून पाहा. त्यावर नुसतं एल-२ न येता एल-२एस लिहिलेलं हवं. तो एस म्हणजे स्पाउस, आणि ते एक अक्षर म्हणजे तुमचा कामाचा परवाना. त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. एच-१बी वाल्यांच्या एच-४ वरच्या बायका यासाठी वर्षानुवर्षं खोळंबतात, तुमच्या नशिबात ते नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत एचआरची नोकरी मिळेल असं धरून बसू नका. इथले कामगार कायदे वेगळे आहेत, आणि 'अमेरिकेतला अनुभव?' हा प्रश्न पहिल्या फोनवरच येतो.

आणि मिळाली तर? समजा ६०,००० ची मिळाली, महिन्याला ५,०००. तुमचा पगार नवऱ्याच्या पगारावर जाऊन बसतो, त्यामुळे त्यातल्या बऱ्याचशा भागाला २२ टक्क्यांचा दर लागतो. सगळं कापून हातात येतील ३,८०० च्या आत. प्लेनोत त्यातून डेकेअरचे १,३०० आणि दुसऱ्या गाडीचे ७६० गेले की तुमच्या पाच हजारांचे सतराशे उरतात. हे वाचून 'मग कशाला करू नोकरी' असं म्हणू नका. डेकेअर दीड वर्षात संपतं, अनुभव राहतो. शिवाय नोकरीत डिपेंडंट केअर एफएसए मिळत असेल तर डेकेअरचे काही हजार डॉलर टॅक्सआधीच्या पैशातून देता येतात, २०२६ पासून ७,५०० पर्यंत. फक्त 'मी पाच हजार आणणार, त्यावर घर घेऊ' असा बेत विमानात बसून करू नका.

तुम्ही पहिलं वर्ष घरी आहात असं धरून प्लेनोचा महिना मांडते. भाडं १,८५०. वीज, पाणी, कचरा २३०. इंटरनेट आणि दोन फोन १३०. किराणा ७५०. डाळ, तांदूळ, भाजी यांवर इथे सेल्स टॅक्स नाही, बाकी जवळजवळ सगळ्यावर सव्वाआठ टक्के. एक गाडी ७६०. डॉक्टर, औषधं, भाडेकरूचा विमा १६५. वाकडचा हप्ता ६००. भारतवारीच्या तीन तिकिटांसाठी दर महिन्याला बाजूला ३३०. कपडे, बाहेरचं खाणं, आणि इथे दर शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या मुलाचा वाढदिवस असतो, त्याचे ४००. उरले १,५७५, म्हणजे १ लाख ४१ हजार रुपये.

आज तुमचे मागे पडतात १ लाख १५ हजार.

तर ९७ लाखांच्या पॅकेजची पहिल्या वर्षातली खरी वाढ महिन्याला २६ हजार. वाकडचा फ्लॅट भाड्याने दिलात तर थोडी भर पडेल. तेव्हा भाडेकरूला सांगून ठेवा की मालक परदेशी गेल्यावर भाड्यातून टीडीएस कापायचा असतो, आणि तोही जबर, तीस टक्क्यांच्या वर. नंतर रिटर्न भरून परत मागायचा. आणि आल्याआल्या डिपॉझिट, गादी, टेबल, गाडीचं डाउन पेमेंट यांत किमान दहा हजार डॉलर जातात. म्हणजे ती वाढ पहिली दोन-तीन वर्षं तरी हा खड्डा भरण्यातच खर्ची पडणार.

म्हणूनच नवऱ्याला सांगा, मागायचं ते आत्ता मागून घे. एल-१ वर आलेल्या माणसाला नोकरी बदलता येत नाही. एच-१बी वाल्याला बदलता येते, म्हणून त्याला पगार वाढवून मागता येतो. शिवाय एच-१बीला सरकारने ठरवलेला किमान प्रचलित पगार द्यावा लागतो, एल-१ला तशी अट नाही. विमानात बसल्यावर घासाघीस संपली. पगाराचा आकडा हलत नसेल तर बाकीचं मागा. आरोग्य विम्याचा हप्ता कंपनी किती उचलते, डिडक्टिबल किती, सुरुवातीची राहायची सोय किती आठवडे, पहिल्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नचा खर्च कोण करणार. स्थलांतराचे पैसे देणार असतील तर त्यावरचा टॅक्सही तेच भरणार का, हे लेखी घ्या. २०१८ पासून ते पैसे पगारच धरले जातात.

डिडक्टिबल हा शब्द भारतातल्या मेडिक्लेमवरून समजत नाही. तो आकडा ओलांडेपर्यंत बहुतेक मोठी बिलं तुमचीच असतात. माझ्या मुलाचा रात्री दोनला कान दुखायला लागला, आम्ही घाबरून त्याला इमर्जन्सीला नेलं. डॉक्टर चार मिनिटं होते. बिल आलं १,९०० डॉलर, सगळं आमच्या डिडक्टिबलमध्ये. सकाळी आठला अर्जंट केअर नावाचं साधं क्लिनिक उघडणार होतं, तिथे दीडशेत काम झालं असतं. घराजवळचं, आपल्या विम्याच्या यादीतलं अर्जंट केअर कुठलं, हे दूध कुठे मिळतं याच्याही आधी शोधून ठेवा.

निघायचं कधी? मार्चमध्ये. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. मार्चमध्ये आलात तर वर्षात १८३ दिवस सहज भरतात, तुम्ही करापुरते रहिवासी होता, आणि दोघांनी मिळून पूर्ण वर्षाचे रहिवासी धरून घेण्याचा पर्याय उघडतो. तो घेतला की एकत्र रिटर्न आणि पूर्ण स्टँडर्ड डिडक्शनची वजावट. बदल्यात जानेवारी ते मार्चचा भारतातला पगारही इथे दाखवायचा, आणि भारतात भरलेल्या कराची सूट मागायची. ऑगस्टमध्ये आलात तर त्या वर्षी १८३ भरत नाहीत आणि एरवी ती वजावट हातची जाते. त्यातूनही वाट काढता येते, पण रिटर्न लांबतं आणि ते भरून देणाऱ्याची फीही.

निघण्याआधी वाकडमध्ये एक काम उरका. दोघांच्या नावावर कुठे काय आहे ते एका कागदावर लिहून काढा. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एका दिवसासाठी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे नऊ लाख रुपये, तरी एफबार नावाचा फॉर्म भरायचा असतो. टॅक्स लागत नाही, नुसतं कळवायचं. पण न कळवल्याचा दंड भारी आहे. सासूबाईंच्या एफडीवर नवऱ्याचं दुसरं नाव असेल तर ती धरायची. एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू असलेली पॉलिसीही धरायची. म्युच्युअल फंडाच्या एसआयपी चालू असतील तर येण्याआधी त्यांचा विचार करा. भारतीय फंडांना इथे पीएफआयसी म्हणून फार वाकडा कर लागतो आणि दर फंडाला वेगळा फॉर्म. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असेल, इथे नाही. आणि बँकेत जाऊन खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाची, करून घ्या. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांची रिटर्न मी दर एप्रिलमध्ये उसवून शिवते.

आता मित्राचा घराचा सल्ला. इथे मी जरा चिडते, कारण हा सल्ला मीच एकदा ऐकला होता.

आयकर घेत नाही ते राज्य रस्ते आणि शाळा हवेवर चालवत नाही. टेक्सासमध्ये त्यातले बरेच पैसे घरपट्टीतून येतात. शाळा मंडळ, काउंटी, शहर, कम्युनिटी कॉलेज, सगळ्यांची मिळून घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आगेमागे, आणि नवीन वसाहतींत पाणी-सांडपाण्याची सोय करणाऱ्या स्थानिक मंडळाचा कर वेगळा लागला तर त्याहून जास्त. राहत्या घराला शाळेच्या कराच्या हिशेबात सूट मिळते, ती २०२३ मध्ये एक लाख झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानाने १,४०,००० डॉलर. तरी साडेचार लाखांच्या घराला वर्षाला सात-आठ हजार सहज जातात. न्यू जर्सीचे वाचवलेले तीन हजार दोनदा भरून वर. न्यू जर्सीची घरपट्टी याहूनही जड आहे, देशात सगळ्यात जड, तिथलं सरासरी बिलच दहा हजारांच्या वर गेलंय. म्हणजे घर घ्यायचंच झालं तर टेक्सास जिंकतं. पण तुमच्या पहिल्या दोन वर्षांत तो सामनाच नाही.

आमचं काय झालं सांगते. दुसऱ्याच वर्षी नवं कोरं घर घेतलं, ३,२०,००० चं. हप्ता परवडत होता. इथे घरपट्टी आणि विमा हप्त्यातच वसूल करून बँक बाजूला ठेवते. घरपट्टी ठरते १ जानेवारीला जागेवर जे उभं आहे त्यावर, आणि त्या १ जानेवारीला आमच्या प्लॉटवर होती फक्त माती आणि चार खुंट्या. म्हणजे पहिल्या वर्षी आम्ही रिकाम्या जमिनीची घरपट्टी भरत होतो, आणि तोच हप्ता आम्हाला घर विकताना दाखवला गेला. पुढच्या वर्षी घरासकट मूल्यांकन आलं. वाढीव घरपट्टी, शिवाय मागच्या वर्षीची तूट बारा हप्त्यांत. महिन्याचा हप्ता नऊशे डॉलरने वाढल्याचं पत्र एका मंगळवारी आलं. कागदपत्रांत कुठेतरी ते लिहिलेलं होतं म्हणे. असेलही.

त्यात गारा. इथे वसंतात लिंबाएवढ्या गारा पडतात आणि छप्पर फोडतात. विमा असतो, पण गारांसाठीचं डिडक्टिबल बहुधा घराच्या विमा रकमेच्या एक-दोन टक्के. आणि जमीन चिकणमातीची. उन्हाळ्यात ती आकसते आणि पाया तडकतो, म्हणून ऑगस्टमध्ये लोक घराभोवती झिरपणारी रबरी नळी टाकून पायाला पाणी घालतात. हो, झाडांना नाही, पायाला. मी नागपूरची, उन्हाळा मला नवा नाही, पण घराला पाणी पाजायचं हे इथेच शिकले. आणि व्हिसावरच्या लोकांना एफएचएचं सरकारी हमीचं कर्ज मे २०२५ पासून बंद झालंय, म्हणजे कमी डाउन पेमेंटची एक सोपी वाटही गेली. पाच वर्षांच्या व्हिसावर पहिल्या वर्षी घर? मित्राला म्हणावं, तू घे.

तरीही प्लेनोच ठरलं, समजा कंपनीनेच ठरवलं, तर विजेची कंपनी स्वतः निवडावी लागते हे लक्षात असू द्या. जाहिरातीत सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या योजनेत बहुधा मेख असते. वापर किमान १,००० युनिट झाला तर मोठी सूट, ९८० झाला तर काहीच नाही. साधा एकच दर असलेली वर्षभराची योजना घ्या आणि एसी लावा. लाजू नका.

तर माझं मत, न्यू जर्सी. मुलीची शाळा, ट्रेन, आणि एकाच गाडीत भागणारं पहिलं वर्ष, एवढ्यासाठीच. त्या गावची तारीख १ ऑक्टोबर नसेल, किंवा कंपनी प्लेनोच्या पगारात पाच-सात हजार वाढवून देत असेल, तर पुन्हा मांडा. तेव्हा मी आनंदाने तुम्हाला इकडे बोलवीन.

सासूबाईंना ९७ लाख खोटे आहेत असं सांगू नका. चारचौघांत सांगून झालंय, त्यांना खाली पाहायला लावू नका. चहा घेताना फक्त एवढंच म्हणा, "आई, प्लेनोला हिच्या पाळणाघराचेच महिन्याला १ लाख १७ हजार होतात म्हणे." एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेली बाई आहे. पुढची वजाबाकी कप खाली ठेवायच्या आत त्यांची त्याच करतील.